बोटीत उभं राहायचं नाही

आमची बोट जिथं लागते तिथं काठावर नियमांची एक पाटी आहे. पत्र्याची, पिवळी, वर काळी अक्षरं. पुण्यावरून येणारे पाहुणे ती वाचतात आणि म्हणतात, "ताई, किती काळजी घेता हो पाहुण्यांची!" काळजी कसली डोंबलाची! ती अख्खी पाटी मी एका बाईच्या रागानं लिहून घेतली आहे. त्या बाईची एकदा जिरवायची, एवढ्याच हेतूनं. पाहुण्यांचा जीव वाचतो तो वरचा फायदा.

आमचं गाव भोरच्या वरच्या अंगाला, धरणाच्या पाण्याला लागून. माझं माहेर पालीचं, राजगडाच्या पायथ्याचं. तिथं पाणी म्हणजे विहीर, ओढा आणि भाताची खाचरं. लग्न होऊन इथं आले तेव्हा एवढं पाणी बघून महिनाभर काठाकडं फिरकले नव्हते, आणि खरं सांगते, ती भीती अजून गेलेली नाही. मला पोहता येत नाही. सासरचे मात्र सगळे पाण्यातलेच. सासरे होडीनं पलीकडच्या वाड्यांवरची माणसं, दुधाच्या किटल्या, शाळेची पोरं ने-आण करायचे. पुढं रस्ता झाला, एसटी आली, मग होडीत कोण बसतंय? शनिवार-रविवारी शहरातली माणसं तंबू ठोकायला यायला लागली तेव्हा आमच्या ह्यांनी आठ माणसांची फायबरची बोट घेतली, मागं इंजिन लावलं आणि माणसं फिरवायला सुरुवात केली.

तेव्हा नियम वगैरे काही नव्हते. आमच्या ह्यांना कुणाला नाही म्हणायचं म्हणजे जिवावर येतं. कुणी दहाजण बसू का म्हणालं तर म्हणणार, "बसा, सरकून बसा." बुडू नये म्हणून घालायची चार जाकिटं होती, ती पोत्यात, आणि पोत्यावर मांजर. कुणी मागितलंच तर मांजराला उठवायचं.

आणि आमची लेक. एकुलती एक. सहाव्या वर्षी पोहायला लागली, दहाव्या वर्षी वल्हं धरलं. भोरच्या कॉलेजातून बीकॉम झाली आणि सुट्टीच्या दिवशी बापाबरोबर बोटीवर. अंगानं दणकट, आवाज मोठा, कारण पाण्यावर हळू बोलून भागत नाही. घरातही तसाच आवाज. मी म्हणायचे, "अगं, सासरी गेल्यावर जरा दबून बोल." ती म्हणायची, "सासरी काय इंजिन असणारे व्हय?"

चार वर्षांपूर्वी तिला नसरापूरकडचं स्थळ आलं. हायवेला दुकान, दोन मजली घर, पोरगा शांत. बघणं झालं, पसंती झाली, याद्या झाल्या. म्हणजे लग्नात कुणी कुणाला काय द्यायचं, कुणाचा काय मान करायचा, ते सगळं चार माणसांत बसून लिहून झालं. साखरपुडा तेवढा राहिला होता. पोराची आई सगळ्यात पुढं. मी तिला वरमाय म्हणायला लागले होते, आणि अजूनही मनात वरमायच म्हणते, दुसरं नाव तोंडात येत नाही मेलीचं.

साखरपुड्याच्या आधी ती मंडळी एकदा आमच्याकडं जेवायला आली. जेवणं झाल्यावर पोराचे काका म्हणाले, "आता बोटीतून फिरवा की." हे लगेच तयार. मीही गेले, पाहुणे आहेत म्हणून, देवाचं नाव घेत. वरमायेला आधी हात धरून चढवलं आणि ती थेट पुढच्या टोकाला जाऊन बसली. बोटीचं टोक म्हणजे तिला लग्नातला पहिला पाट वाटला असणार. वजन म्हणाल तर दोन पोती तांदूळ. बोट पुढं वाकली. लेक इंजिनाशी बापाजवळ बसली होती, साडी नेसून. ती हळूच म्हणाली, "मावशी, जरा मधी येता का?" वरमाय म्हणाली, "मी हितंच बरीये." मी लेकीला डोळ्यांनी गप केलं.

मधोमध गेल्यावर वरमायेच्या मनात आलं, धरणाच्या पाण्याची ओटी भरायची. ओटीचं ताट तिनं बरोबरच आणलं होतं. आणि ती उभी राहिली. एका हातात ताट, एका हातात नारळ, त्या अरुंद टोकावर. वारं होतं. बोट एका अंगाला अशी कलली की काठावरून भसकन पाणी आत आलं. हे नुसते "अहो, अहो" करत राहिले. मी डोळे मिटले. पुढचं मला फक्त ऐकू आलं. लेक बाकांवरून धाडधाड पुढं गेली आणि ओरडली, "बसा म्हणते न्हाई का! खाली बसा!" आणि दोन्ही खांदे धरून तिनं वरमायेला खाली दाबलं.

डोळे उघडले तेव्हा बोट सरळ झाली होती. वरमाय तळाच्या पाण्यात बसली होती, नारळ पाण्यात, तांदूळ डोक्यावर आणि ताटातलं सगळं कुंकू नाकावर. आणि पोराचे काका, देवा रे, हसले. तिचाच दीर, खो खो हसला. त्या हसण्यानं आमचा घात केला. नाहीतर बाई कदाचित विसरलीही असती.

तिसऱ्या दिवशी फोन आला. वरमायच बोलली. "आमाला सून पायजे, पैलवान नको. अंगावर हात टाकणारी पोरगी आमच्या घरात चालायची न्हाई." हे म्हणाले, "अहो बोट उलटली असती." तिकडून फोन ठेवलेला. पण तेवढ्यावर थांबली असती तर मी गप बसले असते. स्थळं मोडतात, लोक पुढं जातात. ही बाई जिथं जाईल तिथं बोलायला लागली. हळदीकुंकवात, लग्नात, नसरापूरच्या बाजारात. पोरगी हात उचलते. होणाऱ्या सासूला लोळवलं. पोरीला वळण नाही. भोरपासून वेल्ह्यापर्यंत नातीगोती एकमेकांत अडकलेली, बातमीला काय एसटीची वाट बघायची असते? त्यानंतर दोन स्थळं आली. एकानं चहा पिऊन निरोप धाडला. दुसऱ्यानं चहासुद्धा घेतला नाही. पोरीनं एका शब्दानं तक्रार केली नाही. आणि मला वाटायचं, ही रडत नाही म्हणजे आत किती जळत असेल! तिच्या वाटणीचं मी जळत होते. रोज भाकरी थापताना परातीत त्या बाईचं तोंड दिसायचं, आणि भाकऱ्या पातळ व्हायच्या.

मग मी पाटीचं मनावर घेतलं. भोरमधले एक म्हातारे पेंटर चाचा आहेत, दुकानांच्या पाट्या रंगवायचे, आता सगळं छापील झालं म्हणून मोकळेच असतात. त्यांच्यासमोर बसून मी एकेक नियम सांगितला. बोटीत उभं राहायचं नाही, कुठल्याही कारणानं. देवाच्याही नाही. कुणी कुठं बसायचं ते बोटवाला वजन बघून ठरवणार, बोटीत मानाची जागा नाही. जाकीट सगळ्यांनी घालायचं, शालूवरून, पैठणीवरून, कशावरूनही. बोट चालवणाऱ्यानं बस म्हटलं की बसायचं, आणि नाही बसलात तर तो हाताला धरून बसवेल, त्याबद्दल तक्रार चालणार नाही. हा नियम सांगताना माझा आवाज चढला असणार, कारण चाचांनी ब्रश थांबवला.

"भाभी," ते म्हणाले, "ही पाटी पाहुण्यांसाठीये का एका पाहुणीसाठी?"

"तुमी लिहा चाचा."

त्यांनी लिहिलं. अक्षर असं की कलेक्टरच्या दारावर शोभावं. शेवटचा नियम मला रात्रभर विचार करून सुचला होता आणि तो माझा लाडका: ज्यानं पाहुणे आणले, त्यानंच आपल्या पाहुण्यांना आवरायचं.

वजनकाटाही आणला, तांदळाची पोती मोजायचा. हे म्हणाले, "अगं, माणसांना काट्यावर उभं करतात व्हय?" म्हटलं, विमानात सामान मोजतात, आपण माणसं मोजू. पोरगी हसली. नवीन आठ जाकिटं घेतली. सात मी दर आठवड्याला धुवायचे. आठवं कधीच धुतलं नाही. सगळ्यात घामट माणसं आली की ते त्यांना द्यायचं आणि परत खुंटीला. वरमाय येणार होती असं कुणी सांगितलं नव्हतं. पण कधीतरी येईल, कुणाच्यातरी बरोबर येईल, म्हणून मी ते राखून ठेवलं होतं. हसायचं तर हसा. मनात एकदा आग लागली की माणूस असली कामंही मन लावून करतो.

आणि ती आली.

यंदा अधिक महिना पडला, धोंड्याचा. लेक-जावयाला बोलवून जेवू घालायचं, जावयाचे पाय धुवायचे, त्याच्या आईबापाचाही मानपान करायचा, असे ते दिवस. ह्यांना एका मुलाचा फोन आला: सहाजण, चार वाजता. बोट त्याच्या आईनं मोबाईलवर बघितली होती आणि तिला हीच पाहिजे होती. गाडी आली, दारं उघडली, आणि पुढच्या दारातून वरमाय उतरली.

मला एका क्षणात सगळं कळलं. तिच्या लेकीचं लग्न झालेलं. ही लेक, हा जावई, हे जावयाचे आईबाप, पुण्याचे, आणि सगळ्यांच्या मागं वरमायेचा नवरा. सकाळी आंबवड्याला देवदर्शन, घरी धोंड्याचं जेवण, आणि मग विहीणबाईंची हौस म्हणून बोट. म्हणजे आज वरमाय वरमाय नव्हती. आज ती मुलीची आई होती, मान घेणारी नाही, देणारी. विहीणबाईंनी "इकडं" म्हटलं की इकडं, "तिकडं" म्हटलं की तिकडं. तिला नाही म्हणायची सोय नव्हती म्हणूनच ती आमच्या काठावर उतरली होती. तिनं मला बघितलं, लगेच गॉगल लावला आणि डोंगर बघायला लागली. तिचा पोरगा बरोबर नव्हता, तेवढं बरं झालं.

अगं बाई, काय सांगू, माझ्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं! "या, या," म्हटलं, "आधी पाटी वाचा." जावयानं मोठ्यानं वाचली. विहीणबाई बारीक चणीच्या, केस कापलेल्या, उत्साही. प्रत्येक नियमाला "व्वा, छान" म्हणत होत्या. शेवटचा नियम झाल्यावर मी वरमायेकडं बघून विचारलं, "पाहुणे तुमी आणलेत ना? मग लक्षात ठेवा." ती मान हलवून "हूं" म्हणाली. ओळख दोघींनीही दाखवली नाही.

मग काटा. विहीणबाई बावन्न. जावई सत्तर. वरमायेला मी शेवटी चढवलं आणि चढा आवाज लावला, "ब्याण्णव! ब्याण्णव किलो, मधी बसायचं, तळाला!" विहीणबाईंनी तोंडावर रुमाल धरला. हलके ते पुढं, म्हणून विहीणबाईंना पुढची जागा मिळाली, अगदी नियमात. आणि मग मी खुंटीवरचं आठवं जाकीट काढलं. तिनं ते नाकाजवळ आणलं मात्र, तिचा चेहरा असा झाला की तीन वर्षं न धुतल्याचं सार्थक झालं. "दुसरं हाय का?" तिनं विचारलं. "न्हाई," म्हटलं, "मोजून आठच हायेत." भरजरी साडीवर तिनं ते चढवलं. पट्टा मीच आवळला, जरा जास्तच.

मी कधी बोटीत जात नाही. त्या दिवशी गेले. इंजिनावर लेक होती, टोपी घालून. तिनं त्यांना ओळखलं होतं, पण नेहमीसारखंच सगळ्यांना सांगितलं, कुठं धरायचं, हात बाहेर काढायचे नाहीत. मला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "आई, काय करू नकोस." म्हटलं, "मी काय करणार? मला तर पोहता बी येत न्हाई."

उन्हाळ्यानं पाणी खूप खाली गेलं होतं. दोन्ही काठांना गाळाच्या भेगा. मधे मात्र खोल. दुपारनंतर वळवाचं वारं सुटतं, तसं सुटलं. मी विहीणबाईंच्या अगदी मागच्या बाकावर होते, माझ्याशेजारी वरमायेची लेक, आणि आमच्या मागं तळाशी वरमाय. विहीणबाई मोबाईलवर शूटिंग करत होत्या. मला दिसत होतं की ह्या बाई उभ्या राहणार. आधी गुडघ्यावर झाल्या, मग बाक धरून अर्ध्या उठल्या, आणि मग सरळ उभ्या. हात वर, मोबाईल वर.

मी हात लांब केला असता तर त्यांचं जाकीट माझ्या मुठीत आलं असतं. तेवढंच अंतर होतं. नियम माझा, बोट माझी. मी हात लांब केला नाही. मी मागं वळून वरमायेकडं बघितलं आणि म्हणाले, "सांगा की. तुमचे पाहुणे."

मला तिचं ते तोंड बघायचं होतं. चार वर्षं मी ह्याचीच वाट बघितली होती. विहीणबाईंना "खाली बसा" म्हणायचं, तेही धोंड्याच्या महिन्यात, जावयासमोर! तिचे ओठ हलले. "ताई," एवढंच म्हणाली, तेही मला ऐकू येईल इतकंच. बोट आडवी व्हायला लागली. मागून लेक ओरडत होती, "आई! बसव त्यांना! आई!" ते मला उद्देशून होतं, कळत होतं मला. तरी मी वरमायेकडंच बघत राहिले. सांग ना, आता सांग. तोंडाला कुलूप का लागलं तुझ्या?

तेवढ्यात माझ्याशेजारची ती पोर उठली. तिनं सासूच्या जाकिटाचा पट्टा मागून धरला, "आई, बसा खाली!" म्हणून किंचाळली आणि असा हिसका दिला की विहीणबाई धप्पकन बोटीच्या तळाला आपटल्या. मोबाईल उडाला, एकदा पाण्यावर चमकला आणि गेला. लेकीनं इंजिन कमी केलं, बोट वाऱ्याला तोंड करून वळवली, सरळ केली.

विहीणबाई कोपर चोळत होत्या. त्या पोरीचा रंग उडालेला. हातात मेंदी, नवा चुडा. वरमायेकडं बघितलं तर ती लेकीकडं बघत होती, आणि तिच्या डोक्यात काय चाललंय ते मला वाचल्यासारखं कळत होतं. सासूला पाडलं. मोबाईल घालवला. आता पुण्यातल्या हळदीकुंकवांत काय काय बोललं जाईल! माझा नेम वरमायेवर होता, लागला तिच्या पोरीला. आणि मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. त्या वेळेला नाही. मला वाटलं, आता कळेल.

काठाला लागलो. मंडळी उतरली. विहीणबाई आणि त्यांचा मुलगा जरा लांब जाऊन काहीतरी बोलत उभे होते, सून मधे मान खाली घालून. वरमाय माझ्याकडं आली. गॉगल काढला होता.

"तुमी जरा सांगता का त्यांना?" ती म्हणाली. "नियम होता म्हणून तिनं केलं. तुमच्या तोंडून ऐकलं तर पटंल. तुमची बोट हाय."

"मी कशाला सांगू?"

"पाया पडते तुमच्या. माझ्या पोरीला नांदायचंय तिथं."

"माझ्याबी पोरीला नांदायचं होतं," मी म्हणाले. चार वर्षं घोकलेलं वाक्य. भाकरी थापताना, भांडी घासताना, हजार वेळा म्हणून बघितलेलं. इतकं नेमकं जाऊन बसलं! डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मी पुसायला पदरसुद्धा दिला नाही.

एवढ्यात विहीणबाईंचा आवाज आला. त्या सुनेचा हात धरून आमच्याकडंच येत होत्या. मी म्हटलं, आली वेळ.

"अहो ताई," त्या मला म्हणाल्या, "चुकलं हो माझं. एवढी पाटी वाचून गाढवासारखी उभी राहिले. मोबाईल गेला तर गेला, मीच गेले असते की! हिनं ओढलं म्हणून." आणि सुनेच्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. "काय ताकद आहे हो पोरीत! आणि काय धीर! आम्ही सगळे बघत बसलो आणि ही उठली. विहीणबाई, तुमची लेक हिरा आहे. घरी गेल्यावर आधी हिची दृष्ट काढते." ती पोर सासूच्या गळ्यात पडून रडायला लागली. जावई हसत होता. संपलं. बोटीतली गोष्ट बोटीत संपली.

मला काय वाटलं ते स्पष्टच सांगते. संताप आला. हिच्या पोरीला अशी सासू, आणि माझ्या पोरीला ही! पण मग मी वरमायेच्या तोंडाकडं बघितलं. आधी सुटका झाल्यासारखी हसली, आणि मग ते हसू हळूहळू गळालं. एक सासू असंही वागू शकते, हे तिनं माझ्यादेखत बघितलं. मला शंभर वर्षांत जमलं नसतं ते त्या बावन्न किलोच्या बाईनं चार वाक्यांत केलं. गाडीत बसताना वरमाय माझ्याकडं बघायला तयार नव्हती. जाकीट अंगावरच घालून गेली, काढायचं भान राहिलं नाही.

मी विजयानं लेकीकडं वळले. बघितलंस का, कशी जिरली, असं म्हणणार होते. लेक दोर बांधायला वाकली होती. दोर हातात तसाच होता, गाठ मारलेली नव्हती. ती गाडी गेली त्या वाटेकडं बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. स्थळ मोडलं तेव्हा नाही, लोक बोलले तेव्हा नाही, आणि आज. मला बघून तिनं टोपी खाली ओढली.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. ती मी आत्तापर्यंत टाळली. चार वर्षांपूर्वी बोट काठाला लागली तेव्हा वरमाय अजून एक शब्दही बोलली नव्हती. पहिली मी बोलले. लेक गुडघ्यापर्यंत भिजली होती, धाप लागलेली, आणि बहुतेक तिला वाटत होतं की आता आई पाठीवर हात ठेवेल. मी तिचा दंड धरला, ओढत वरमायेपुढं नेलं आणि म्हणाले, "पाया पड. माफी माग." ती माझ्याकडं बघत राहिली. मी दंडाला चिमटा काढला. तेव्हा ती वाकली. आणि मी हात जोडून त्या बाईला म्हणाले, "माफ करा, पोरीला वळण न्हाई, माझीच चूक." भोरपासून वेल्ह्यापर्यंत जो शब्द फिरला, तो त्या बाईचा नव्हताच. तो मी तिच्या हातात दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी बोटीच्या तळाचा गाळ खरवडत होतो. ती एका टोकाला, मी दुसऱ्या. मला बोलायचं होतं, पण सरळ शब्द तोंडात येईनात, म्हणून नेहमीचंच सुरू केलं. म्हटलं, "काल त्या बाईचं तोंड बघितलंस का? आता तरी तुझा राग निवला असंल."

तिनं खरवडणं थांबवलं नाही. "आई," ती म्हणाली, "मला त्या बाईचा कधी रागच नव्हता. ती परकी होती."

मी हातातला पत्रा खाली ठेवला. मग कुणाचा होता, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. विचारलं नाही. उठून तिच्याकडं गेले, तिच्या भिजलेल्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तू बरोबर केलं होतंस." आधी ती तशीच वाकलेली राहिली. मग म्हणाली, "व्हय." आणि जरा वेळानं, "हात काढ आई, मला खरवडता येत न्हाई."